सी ड्राइव्ह सोडून दुसऱ्या ड्राइव्हवर प्रोग्राम कसे इन्स्टॉल करावेत

‘धिस पीसी’ उघडावे तर सी ड्राइव्हखालची निळी पट्टी लाल झालेली असते आणि शेजारचा डी ड्राइव्ह जवळपास रिकामा असतो. अशा वेळी पहिला विचार हाच येतो की सीवरचे दोन-चार मोठे फोल्डर उचलावेत आणि डीवर टाकावेत. मीही तेच केले होते. ‘प्रोग्राम फाइल्स’मधला फोटो संपादनाच्या एका प्रोग्रामचा अख्खा फोल्डर कट करून डीवर पेस्ट केला. लगेच डेस्कटॉपवरचा त्याचा आयकॉन पांढरा पडला आणि प्रोग्राम उघडेना. काढून टाकायला गेलो तर अनइन्स्टॉलही होईना, कारण अनइन्स्टॉल करणारी फाइलसुद्धा त्याच फोल्डरबरोबर गेली होती. फोल्डर जागच्या जागी परत ठेवला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

असे का होते, हे एकदा कळले की पुढचे सगळे सोपे जाते. प्रोग्राम इन्स्टॉल होतो तेव्हा फाइली एका फोल्डरमध्ये येतात, पण काम तेवढ्यावर संपत नाही. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, त्या फोल्डरचा पूर्ण पत्ता ठिकठिकाणी नोंदवला जातो. स्टार्ट मेन्यूत शॉर्टकट तयार होतात. कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडायची, तेही ठरते. काही प्रोग्राम पार्श्वभूमीत चालणाऱ्या सेवा बसवतात. या प्रत्येक ठिकाणी ‘सी:\प्रोग्राम फाइल्स\अमुक’ असा पत्ता लिहिलेला असतो. तुम्ही घर हलवता, पण पत्ता जुनाच राहतो. म्हणून ड्राइव्ह निवडायचा तो इन्स्टॉल करतानाच.

खाली दिलेली माहिती विंडोज १० आणि ११ साठी आहे. मेन्यूंची आणि फोल्डरांची नावे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. पडद्यावर ती रोमन लिपीत दिसतील, आणि टाइप करायची वेळ आली तर रोमनमध्येच करा.

१. दुसरा ड्राइव्ह नेमका काय आहे, ते पाहा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’मध्ये जा. डावीकडे ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ अशी नावे आणि त्यांच्यापुढे कंसात ड्राइव्हची अक्षरे दिसतात. सी आणि डी दोन्ही ‘डिस्क ०’पुढेच असतील, तर तुमच्याकडे डिस्क एकच आहे आणि तिचे दोन भाग पाडलेले आहेत. तिथे डीवर प्रोग्राम टाकल्याने जागा सुटेल, वेग मात्र तसूभरही वाढणार नाही. आणि ती डिस्क बिघडली तर दोन्ही भाग एकदमच जातील.

डिस्क दोन असतील तर डी कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) की एचडीडी (नेहमीची हार्ड डिस्क), हे तिथेच लिहिलेले असते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क साधारण सेकंदाला १०० ते २०० एमबी वेगाने वाचते. साटा (जुन्या प्रकारच्या जोडणीची) एसएसडी ५५० एमबीच्या आसपास जाते आणि एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची) एसएसडी त्याच्या कितीतरी पट पुढे. खरा फरक जाणवतो तो शेकडो बारीक फाइली एकदम वाचायच्या असतात तेव्हा, आणि मोठा प्रोग्राम सुरू होताना नेमके तेच करतो. त्यामुळे डी ही जुनी हार्ड डिस्क असेल, तर रोज दहा वेळा उघडायचा प्रोग्राम तिथे नेऊ नका. क्वचित लागणारे प्रोग्राम आणि मोठे गेम तिथे चालतील.

आता ‘धिस पीसी’मध्ये डी ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘फाइल सिस्टिम’पुढे (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) ‘एनटीएफएस’ लिहिले आहे ना, ते तपासा. बाहेरून जोडायच्या डिस्क बऱ्याचदा ‘एक्सफॅट’ असतात. त्यांवर फाइलींच्या परवानग्यांची सोय नसते आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधले अॅप तिथे इन्स्टॉल होत नाहीत. एक्सफॅटचा एनटीएफएस करायला डिस्क फॉरमॅट करावी लागते, म्हणजे तिच्यावरचे सगळे जाते. आधी बॅकअप, मगच फॉरमॅट.

२. मुळात जागा कशाने भरली आहे?

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग दिवसभर खटपट करून चार-पाच जीबीच सुटतात. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि त्यात ‘स्टोअरेज’ उघडा. थोडा वेळ मोजणी चालते, मग प्रकारवार यादी येते. कित्येकदा प्रोग्रामांपेक्षा ‘डाउनलोड्स’, व्हिडिओ, फोनचे बॅकअप आणि तात्पुरत्या फाइलींनीच जास्त जागा धरलेली असते.

तसे असेल तर प्रोग्रामांना हात लावण्याआधी ‘डाउनलोड्स’, ‘पिक्चर्स’, ‘व्हिडिओज’ हे फोल्डर डीवर न्या. त्या फोल्डरवर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘लोकेशन’, मग ‘मूव्ह’. इथे एक काळजी घ्या: नवी जागा म्हणून नुसता डी ड्राइव्ह निवडू नका. आधी डीवर ‘डाउनलोड्स’ नावाचा फोल्डर करा आणि तो निवडा. नुसता ड्राइव्ह दिलात तर अख्खा डीच तुमचा ‘डाउनलोड्स’ होऊन बसतो आणि ते पूर्ववत करताना नाकीनऊ येतात.

३. सीवरच राहू द्यावे असे काही

ड्रायव्हर, अँटिव्हायरस, व्हीपीएन आणि संगणक सुरू होताच चालू होणारे सगळे प्रोग्राम सीवरच असू द्या. विंडोजच्या ‘विंडोज’ फोल्डरमध्ये ‘इन्स्टॉलर’ नावाचा लपवलेला फोल्डर असतो. तो बराच मोठा झालेला दिसला तरी त्यातले काही पुसू नका. प्रोग्राम दुरुस्त करायला, अपडेट करायला आणि काढून टाकायला त्या फाइली लागतात.

रजिस्ट्रीत ‘प्रोग्राम फाइल्स’चा मूळ पत्ताच बदलून डीवर करा, असाही एक सल्ला कानावर येतो. तो अजिबात मानू नका. हा बदल मायक्रोसॉफ्टला मान्य नाही आणि त्याने अपडेट अडकतात.

४. हाताशी काय हवे

- प्रशासकाचा, म्हणजे अॅडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड
- प्रोग्राम बनवणाऱ्यांच्या मूळ संकेतस्थळावरून उतरवलेले सेटअप
- विकत घेतलेला प्रोग्राम असेल तर त्याची लायसन्स की, किंवा ज्या खात्यावर खरेदी केली त्याचा ईमेल आणि पासवर्ड
- महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप, तोही सी आणि डी या दोन्हींच्या बाहेर
- सीवर निदान ५ ते १० जीबी रिकामी जागा

शेवटचा मुद्दा वाचून आश्चर्य वाटेल. प्रोग्राम डीवर टाकायचा तर सीवर जागा कशाला? बरीचशी सेटअप आधी सीवरच्या ‘टेम्प’ फोल्डरमध्ये स्वतःला उलगडतात आणि मग तिथून फाइली डीवर नेतात. डीवर ४०० जीबी रिकामे असतानाही ‘जागा अपुरी आहे’ असा संदेश येतो तो यामुळे. आधी ‘स्टोअरेज’मधल्या ‘टेम्पररी फाइल्स’ साफ करा. त्या यादीत ‘डाउनलोड्स’चीही चौकट असते. तिच्यात खूण नाही ना, हे बघूनच पुढे जा.

५. डीवर प्रोग्रामांसाठी वेगळा फोल्डर करा

डीच्या मुळाशी ‘प्रोग्राम्स’ नावाचा एक फोल्डर करा आणि गेम खेळत असाल तर ‘गेम्स’ नावाचा दुसरा. नाव रोमन लिपीत, छोटे आणि एकाच शब्दाचे ठेवा. मराठीत नाव देण्याचा मोह मला झाला होता, आणि विंडोजला त्याचे काही वावडेही नाही. पण जुन्या धाटणीच्या काही प्रोग्रामांना देवनागरी पत्ता वाचता येत नाही. ते इन्स्टॉल होतात आणि उघडताना अडतात. शिवाय खूप प्रोग्राम अजूनही २६० अक्षरांपेक्षा लांब पत्ता हाताळू शकत नाहीत, म्हणून फोल्डरात फोल्डर अशी उतरंड रचू नका.

संगणक घरातले किंवा कामावरचे अनेक जण वापरत असतील, तर हा पुढचा भाग मनापासून करा. सीवरच्या ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये प्रशासकाशिवाय कुणाला काही बदलता येत नाही. डीवर तुम्ही केलेल्या नव्या फोल्डरात मात्र, काही वेगळे ठरवले नसेल तर, लॉगिन करणारा कोणीही फाइली बदलू शकतो. कुणी चुकून किंवा एखादा व्हायरस मुद्दाम तिथली फाइल बदलून ठेवू शकतो. ‘प्रोग्राम्स’ फोल्डरवर राइट क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘अॅडव्हान्स्ड’ असे जा. ‘डिसेबल इनहेरिटन्स’ दाबा आणि विचारल्यावर ‘कन्व्हर्ट’चा पर्याय निवडा, म्हणजे आहेत त्या परवानग्या कायम राहतील. मग यादीतली ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ ही ओळ निवडून ‘रिमूव्ह’ करा आणि ‘ओके’ द्या. ‘सिस्टिम’, ‘अॅडमिनिस्ट्रेटर्स’ आणि ‘यूजर्स’ या ओळींना हात लावू नका. ‘गेम्स’ फोल्डरवर हे करू नका, कारण बरेच गेम स्वतःच्या फोल्डरात सतत लिहीत असतात.

६. सेटअप चालवताना घाई करू नका

बहुतेक चुका इथेच होतात, कारण ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ हे बोटांच्या अंगवळणी पडलेले असते. जागा निवडायचा पर्याय प्रत्येक सेटअपमध्ये वेगळ्या ठिकाणी दडलेला असतो.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचे उदाहरण घेऊ. सेटअप उघडल्यावर स्वागताचा पडदा, परवान्याचा मजकूर, कोणते भाग हवेत त्यांची यादी, आणि मग ‘डेस्टिनेशन फोल्डर’ नावाची चौकट येते. तिच्यात सीवरचा ‘प्रोग्राम फाइल्स’चा पत्ता आधीच भरलेला असतो. खाली किती जागा लागेल आणि निवडलेल्या ड्राइव्हवर किती आहे, तेही लिहिलेले असते. ‘ब्राउज’ दाबून डीवरचा ‘प्रोग्राम्स’ फोल्डर निवडा. आता चौकटीतला पत्ता पुन्हा वाचा. तो ‘डी:\प्रोग्राम्स\व्हीएलसी’ असा असला पाहिजे. खालचा रिकाम्या जागेचा आकडाही बदलून डीचा झालेला दिसेल.

लिबरऑफिसमध्ये ‘टिपिकल’ आणि ‘कस्टम’ असे दोन पर्याय येतात. ‘टिपिकल’ निवडलेत तर जागा विचारलीच जात नाही. ‘कस्टम’ निवडा, पुढच्या पडद्यावर खाली सध्याचा पत्ता आणि शेजारी ‘चेंज’ हे बटण दिसेल. सेव्हन-झिपच्या सेटअपमध्ये पहिल्याच पडद्यावर पत्त्याची चौकट असते आणि तिच्याखाली ‘इन्स्टॉल’चे बटण, त्यामुळे नजर थेट बटणावर जाते. इतर सेटअपमध्ये ‘कस्टमाइझ’, ‘अॅडव्हान्स्ड’, ‘ऑप्शन्स’ असे बारीक अक्षरांतले शब्द शोधा. मोठ्या रंगीत बटणाखाली किंवा कोपऱ्यात ते असतात.

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा इशारा. पत्त्याच्या शेवटी प्रोग्रामच्या नावाचा स्वतंत्र फोल्डर आहे, याची खात्री करूनच ‘इन्स्टॉल’ दाबा. ‘ब्राउज’ केल्यावर काही सेटअप तो फोल्डर आपणहून जोडतात, काही जोडत नाहीत. जोडला नाही तर शेकडो फाइली तुमच्या ‘प्रोग्राम्स’ फोल्डरमध्ये किंवा थेट डीवर विखुरतात. ते एक वेळ परवडले. पण काही प्रोग्राम काढून टाकताना ज्या फोल्डरात ते होते तो पूर्ण फोल्डरच पुसतात, आत दुसरे काय आहे ते न बघता. आमच्या घरी असेच झाले. आवाज ध्वनिमुद्रित करायचा एक छोटा प्रोग्राम बहिणीच्या रेकॉर्डिंगच्याच फोल्डरात इन्स्टॉल केला होता. वर्षभराने तो नको म्हणून काढला आणि त्याच्याबरोबर तिची सगळी रेकॉर्डिंग गेली. त्यातली काही परत करता आली, काही नाहीच. प्रत्येक प्रोग्रामला त्याचा स्वतःचा, नवा, रिकामा फोल्डर द्या.

७. जे जागा विचारत नाहीत, त्यांचे काय?

मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या सध्याच्या आवृत्त्या सिस्टिम ड्राइव्हवरच इन्स्टॉल होतात. क्रोमही जागा विचारत नाही. यांच्याशी झगडत बसू नका.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधल्या अॅपसाठी ‘सेटिंग्ज’मध्येच सोय आहे. विंडोज ११ मध्ये ‘सिस्टिम’, ‘स्टोअरेज’, ‘अॅडव्हान्स्ड स्टोअरेज सेटिंग्ज’ आणि मग ‘व्हेअर न्यू कंटेंट इज सेव्ह्ड’. विंडोज १० मध्ये ‘स्टोअरेज’च्याच पानावर ‘चेंज व्हेअर न्यू कंटेंट इज सेव्ह्ड’ अशी ओळ असते. तिथे नव्या अॅपसाठी डी निवडून ‘अप्लाय’ करा. त्यानंतर डीवर ‘विंडोजअॅप्स’सारखे अनोळखी फोल्डर दिसू लागतील. ते विंडोजचेच आहेत, पुसू नका. ही सेटिंग फक्त स्टोअरमधल्या अॅपसाठी आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या साध्या सेटअपवर तिचा काही परिणाम होत नाही.

गेम विकत घेऊन खेळायच्या स्टीम या प्रोग्राममध्ये ‘सेटिंग्ज’, ‘स्टोअरेज’ इथे डी ड्राइव्ह जोडता येतो. आधी घेतलेला गेमही तिथूनच हलवता येतो, पुन्हा डाउनलोड करावा लागत नाही. अॅडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउडमध्ये ‘प्रेफरन्सेस’, ‘अॅप्स’ इथे नव्या इन्स्टॉलची जागा ठरवता येते. व्हिडिओ संपादनाचा प्रीमियर वापरत असाल तर त्याच्या पसंतींमध्ये ‘मीडिया कॅश’चीही, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या फाइलींचीही, जागा बदला. काही प्रकल्पांनंतर प्रोग्रामपेक्षा तो कॅशच जड होतो.

ब्लेंडरसारखे काही प्रोग्राम झिप फाइलमध्येही मिळतात. झिप डीवर उलगडा आणि चालवा. असे प्रोग्राम मात्र फोल्डरसकट खुशाल हलवता येतात.

८. आधीच सीवर असलेले प्रोग्राम डीवर न्यायचे असतील तर

‘सेटिंग्ज’, ‘अॅप्स’, ‘इन्स्टॉल्ड अॅप्स’ मध्ये जा. विंडोज १० मध्ये याला ‘अॅप्स अँड फीचर्स’ म्हणतात. अॅपच्या नावापुढच्या तीन टिंबांवर किंवा नावावर क्लिक केल्यावर ‘मूव्ह’ दिसला तर प्रश्नच मिटला. पण तो स्टोअरमधल्या अॅपनाच मिळतो. बाकीच्यांसाठी एकच सरळ वाट आहे: अनइन्स्टॉल करायचे आणि डीवर नव्याने इन्स्टॉल करायचे.

त्याआधी प्रोग्रामच्या आतली ‘एक्स्पोर्ट’ची सोय वापरून तुमची सेटिंग्ज बाहेर काढून ठेवा. ठराविक संगणकांपुरता परवाना असेल तर प्रोग्राममधून ‘डीअॅक्टिव्हेट’ करा, नाहीतर नव्या इन्स्टॉलला तो दुसराच संगणक समजू शकतो. अनइन्स्टॉल करताना ‘वैयक्तिक सेटिंग्जही काढायची का’ असे विचारले तर नको म्हणा.

काही जण ‘जंक्शन’ वापरतात. म्हणजे फोल्डर डीवर न्यायचा आणि सीवर जुन्या पत्त्याच्या जागी एक दुवा ठेवायचा. प्रोग्रामला वाटते आपण सीवरच आहोत. कमांड प्रॉम्प्टवरच्या ‘एमकेलिंक’ या आदेशाने हे करता येते आणि एखाद्या हट्टी प्रोग्रामच्या भल्यामोठ्या डेटा फोल्डरसाठी ते उपयोगीही पडते. नवख्यांनी मात्र यापासून दूर राहावे असे मला वाटते, आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ किंवा ‘यूजर्स’ या अख्ख्या फोल्डरांवर तर हा प्रयोग कुणीच करू नये.

९. प्रोग्राम खरेच डीवर गेला का, ते तपासा

प्रोग्राम सुरू करा, टास्क मॅनेजरमध्ये ‘डीटेल्स’ उघडा, त्याच्या नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. जो फोल्डर उघडेल तोच खरा.

प्रोग्राम डीवर असूनही सीवर थोडी जागा जाणारच. सेटिंग्ज, कॅश, खात्याची माहिती हे सगळे ‘यूजर्स’मधल्या ‘अॅपडेटा’ आणि थेट सीवरच्या ‘प्रोग्रामडेटा’ या लपवलेल्या फोल्डरांत राहते. त्यात काही चुकलेले नाही.

१०. पुढे अडचण येऊ नये म्हणून

डी ड्राइव्हचे अक्षर बदलू नका. डीचा ई झाला की सगळे पत्ते एका क्षणात खोटे ठरतात. बाहेरून जोडायच्या डिस्कचे तर अक्षर आपोआपही बदलते, म्हणून तिच्यावर प्रोग्राम टाकायचाच असेल तर ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून तिला ‘पी’ किंवा ‘एक्स’सारखे दूरचे अक्षर आधीच देऊन ठेवा.

डीवर बिटलॉकर (ड्राइव्हला पासवर्डचे कुलूप लावणारी विंडोजची सोय) लावलेला असेल तर त्याचे ‘ऑटो-अनलॉक’ सुरू करा. नाहीतर दर वेळी पासवर्ड देईपर्यंत डी बंदच राहतो आणि तिथले प्रोग्राम उघडत नाहीत.

आणि विंडोज नव्याने टाकायची वेळ आली, तर डीवरचे प्रोग्राम वाचतील या भरवशावर राहू नका. फाइली राहतात, पण सीवरची रजिस्ट्री पुसली गेल्याने नव्या विंडोजला त्यांची ओळखच नसते. ते पुन्हा इन्स्टॉल करावे लागतात. स्टीमचे गेम याला अपवाद आहेत, लायब्ररीचा फोल्डर परत जोडला की ते ओळखले जातात. म्हणून डीवर काय काय टाकले, कोणत्या फोल्डरात आणि कोणत्या लायसन्सवर, याची यादी कागदावर किंवा फोनमध्ये ठेवा. नवे विंडोज चालू झाले की सर्वांत आधी ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून त्या ड्राइव्हला त्याचे जुनेच अक्षर द्या. मग प्रोग्रामांच्या जुन्या फोल्डरांची नावे बदलून ते बाजूला ठेवा, यादीप्रमाणे एकेक प्रोग्राम नव्या रिकाम्या फोल्डरात इन्स्टॉल करा, आणि सगळे चालते आहे हे पाहिल्यावरच जुने फोल्डर पुसा.